पांढरा पदार्थ, नग एक

प्रथम तारखा, मग माणसे आणि त्यानंतर प्रवास, असा क्रम मी ठेवीत आहे. कारण बडोद्यास मी हवापालटासाठी गेलो नव्हतो.

मार्गशीर्षातला दुसरा मंगळवार, सकाळ: लहरीपुऱ्यातील हुसेनभाई कारागिरांच्या दुकानावर सरकारी माणसे आली. माझी धाकटी बहीण शकू हिची लग्नातली शृंगारपेटी तेथे दुरुस्तीस होती. तिच्यावरची पांढरी नक्षी हस्तिदंताची आहे असे म्हणून ती जप्त झाली. त्याच मंगळवारी, दुपार: दुकानाला सील. पौषातला शेवटचा शनिवार: शकूचे पत्र मला सांगलीस पोहोचले. माघातला पहिला गुरुवार: मी बडोद्याच्या फलाटावर उतरलो.

आता जबाबदार व्यक्ती. एक, तो अधिकारी, ज्याने पंचनाम्यात दिसले ते न लिहिता वाटले ते लिहिले. दोन, ते दोघे पंच, जे समोरच्या पानवाल्यापाशी उभे होते आणि सहीपुरते आत आले. तीन, स्वतः हुसेनभाई. त्यांना खरे ठाऊक होते आणि त्यांनी तोंड उघडले नाही. चार, दिवाणी न्यायालयातील एक सेवानिवृत्त नाझर, वय अडुसष्ट, राहणार सांगली. म्हणजे मी.

नाझर म्हणजे काय हे नव्या पिढीस सांगावे लागते. जप्तीचा माल ताब्यात घेणे, मोजणे, त्याची नोंद करणे आणि निकाल लागेपर्यंत तो सांभाळणे हे त्याचे काम. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक कारकुनास मी पहिल्या दिवशी एकच धडा दिला: सोने दिसले तरी ‘पिवळा धातू’ लिहा, हिरा दिसला तरी ‘चमकणारा खडा’ लिहा. आपण सराफ नाही. आपण डोळे आहोत, जीभ नव्हे. हा धडा बडोद्याच्या अधिकाऱ्यास कोणी दिला नव्हता, म्हणून मी पेटलो होतो. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे ती योग्यच आहे. हत्ती कोणाच्या आरशाच्या चौकटीसाठी मरू नये. परंतु कायदा जितका कडक, तितका त्याचा कागद चोख हवा.

प्रतापनगर

शकूचे यजमान वसंतराव रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि तेथून हाकेच्या अंतरावर घर बांधून राहिले. सकाळी भोंगा झाला की अजूनही त्यांचा पाय सायकलीकडे वळतो, असे शकू म्हणते. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिलेदार होते. आता त्या घराण्यात एक रिफायनरीत आहे, एक बँकेत आहे, आणि नातवंडे आजीशी मराठीत व फाटकाबाहेर पाऊल पडताच गुजरातीत बोलतात.

“बेसो, दादा, बेसो. आधी चहा, मग कायदा,” वसंतराव म्हणाले.

“पंचनाम्याची नक्कल कुठे आहे?”

“अहो, पिशवी तरी खाली ठेवा! नक्कल काय गाडी पकडून चालली आहे?”

नक्कल गुजरातीत होती. जेवताना शकू ती वाचून मराठीत सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. बडोद्याच्या मराठी घरात आमटीत गूळ इतका असतो की आमच्या सांगलीच्या जिभेला तो प्रथम उपमर्द वाटतो, आणि तिसऱ्या दिवशी आपण वाटी पुढे करतो. मी मात्र चवीकडे लक्ष न देता पहिल्या घासालाच गरजलो होतो. पंचनाम्यात पेटीचे वर्णन ‘हाथीदांतच्या नक्षीची पेटी’ असे सरळ ठोकून दिले होते. कोणी तपासले? कशाने तपासले? एक ओळ नाही.

“हे कोर्टात एक दिवस टिकणार नाही,” मी म्हणालो. “असे लिहायला आधार काय त्यांच्यापाशी?”

शकू वाचता वाचता थांबली. “दादा, आधार आहे त्यांच्याकडे. पुढे तुझंच आहे.”

पुढे असे होते: झाकणाच्या आतल्या मखमलीखाली एक जुनी मराठी यादी चिकटवलेली सापडली. तीत चौथ्या क्रमांकावर लिहिले आहे, ‘हस्तिदंती पेटी, नग एक.’

ती यादी माझी. शकूच्या लग्नात रुखवताचे सामान मोजून मीच लिहिली, मीच डकवली. वय अठ्ठावीस, नोकरी नवी, अक्षर मोत्यासारखे. वडील म्हणाले, बडोद्याहून मुद्दाम आणलेली पेटी आहे. आई म्हणाली, हस्तिदंती आहे. आणि मी, ज्याने पुढे जन्मभर ‘पिवळा धातू’ लिहिला, त्याने न पाहता ‘हस्तिदंती’ लिहिले.

वसंतरावांनी माझ्या पानात आणखी एक पोळी टाकली. “जवा दो ने, दादा, जाऊ द्या. शिलेदाराच्या घरात एक तरी वस्तू खोटी असायचीच. आमच्या पणजोबांच्या तलवारीत माणिक आहे म्हणतात. मी वर्कशॉपमध्ये नेऊन बघितलं. काच.”

लहरीपुरा

दुसऱ्या दिवशी शकूला घेऊन मी लहरीपुऱ्यात गेलो. जुन्या दरवाजाखालून स्कूटर, हातगाड्या, बांगड्यांचे विक्रेते आणि लग्नाच्या खरेदीला निघालेल्या बायका एकाच वेळी जाऊ पाहतात आणि आश्चर्य म्हणजे जातात. दरवाजाच्या दोन्ही अंगांना आता एसटीडीचे पिवळे फलक आणि परदेशी कोलाची चित्रे लागली आहेत. तेथे उभ्याने सेव-उसळ खाल्ली. वर घालावयाची लाल तरी वेगळी मिळते. “सांगलीचा माणूस आहे, भरपूर घाला,” असे मी ऐटीत म्हणालो आणि पुढची पाच मिनिटे डोळे पुसत काढली. गाडीवाल्याने न मागता लिंबू दिले. गूळ आमटीतच असतो, उसळीत नसतो, एवढे त्या शहराबद्दल मला कळले.

हुसेनभाईंचे दुकान आठ फूट रुंद. कुलुपावर लाल लाखेची मोहोर. समोरच्या कापडवाल्याने आपली पायरी त्यांना दिली होती. एका टोकाला साठीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस कानस चालवीत बसला होता. दुसऱ्या टोकाला त्यांच्या पत्नी हलीमाबेन ताटात इवल्याशा पांढऱ्या पाकळ्या आकारानुसार निवडीत होत्या, जसे आपल्याकडे तांदूळ निवडतात.

“सीलकडे काय बघता, साहेब,” हुसेनभाई म्हणाले. त्यांचे मराठी तीन पिढ्यांच्या मराठी गिऱ्हाइकांनी शिकवलेले. “लाखच आहे ती. मी पण जिंदगीभर लाखच भरली.”

आणि मग त्यांनी मला ते काम दाखविले. येथे मला कबूल केले पाहिजे की मी ज्या रागाने तेथे गेलो होतो, तो अर्ध्या तासात कोठे ठेवला हे मला आठवेना. फूल हे लोक कोरीत नाहीत, जुळवतात. प्रत्येक पाकळी वेगळी कापायची, कानशीने घासून आकाराला आणायची, कागदावर काढलेल्या नक्षीप्रमाणे लाकडावर सरसाने बसवायची. एका फुलाला आठ पाकळ्या, एका पेटीवर किती फुले ते मोजण्याचा प्रयत्न मी सोडून दिला. सर्व बसले की मधल्या मोकळ्या जागेत रंगीत लाख वितळवून भरायची आणि इतकी घासायची की डोळे मिटून बोट फिरवल्यास पाकळी कोठे संपली आणि लाख कोठे सुरू झाली ते कळू नये. शेवटी प्रत्येक पाकळीवर सुईच्या टोकाने शिरा ओढायच्या व त्यांत काळे भरायचे. आजकाल घरोघरी सनमायकाचे कपाट येते आणि आपण त्याला फर्निचर म्हणतो!

मी कानस मागितली. पहिली पाकळी तुटली. दुसरीही तुटली.

“दाबू नका, साहेब,” हलीमाबेन ताटातून नजर न काढता म्हणाल्या. “ती आरोपी नाही.”

शकू इतकी हसली की कापडवाला बाहेर येऊन पाहू लागला. तिसरी पाकळी मला साधली. ओबडधोबड होती, परंतु पाकळी होती. ती मी अजून खिशातल्या पाकिटात बाळगतो.

तेव्हा मी मुद्द्यावर आलो. “हुसेनभाई, ही वस्तू कशाची?”

त्यांनी शकूकडे पाहिले. “सफेदी आहे, साहेब.”

“सफेदी म्हणजे? हस्तिदंत की दुसरे काही?”

“सफेदी म्हणजे सफेदी.”

“छाप्याच्या वेळी अधिकाऱ्याने हेच विचारले असेल. त्यालाही हेच सांगितलेत?”

“त्याला काहीच नाही सांगितलं.”

माझा राग जेथे ठेवला होता तेथून परत आला. मी उलटतपासणीच्या सुरात आणखी चार प्रश्न केले आणि चार वेळा सफेदी ऐकली. शेवटी शकू कंटाळून समोर बांगड्या पाहावयास गेली. ती गर्दीत शिरताच हुसेनभाई माझ्याकडे सरकले व अगदी हळू म्हणाले, “उंट. उंटाचं हाड. आमच्या बापाने हत्तीला कधी हात नाही लावला.”

“मग बोललात का नाही?”

“आमच्या दुकानात तो शब्द नाही, साहेब. लग्नाची वस्तू घ्यायला घरची बायकामाणसं येतात. हाड म्हटलं तर उठून जातील, आणि बरोबर आहे त्यांचं. तेव्हा ते म्हणतात हस्तिदंत, आम्ही म्हणतो सफेदी. खोटं आम्ही बोललो नाही, खरं त्यांनी विचारलं नाही. बापाच्या वेळेपासून असंच.”

“पण अधिकाऱ्याला?”

त्यांनी बांगड्यांच्या दुकानाकडे मान वळवली. “बेन तेव्हा इथेच बसली होती. पेटी कधी देणार विचारायला आली होती. मला माहीत आहे ती त्यात काय ठेवते. भादव्यात गौरीचे दागिने. चाळीस वर्षं. तिच्या तोंडावर मी कसं सांगू, की बेन, तुझी देवी हाडात ठेवलीस?”

हलीमाबेन म्हणाल्या, “मी बोलत होते. यांनीच हात धरला.”

वाचकहो, माझ्या यादीतला तिसरा जबाबदार इसम हा असा निघाला. एका बाईचे मन राखण्यासाठी त्याने दुकानाला कुलूप लागू दिले. आत परदेशी व्यापाऱ्याने मागवलेली आरशाची चौकट अर्धी भरलेली पडली आहे. बाजार खुला झाल्यापासून दूरदूरची माणसे हे काम मागू लागली, ती पहिली मोठी मागणी. व्यापाऱ्याने पाडव्यापर्यंतच थांबण्याचे कबूल केले होते. त्यानंतर तो हेच काम दुसऱ्या गावी देणार.

“माझ्या वडिलांना ठाऊक होते?” मी विचारले.

“बापाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते हसले. म्हणाले, घरी नका कळवू.” मग म्हणाले, “ती पेटी माझं पहिलं काम. त्यात मी एक गडबड केली, बापाने थोबाडीत मारली. काय केली ते नाही सांगणार.”

मार्ग स्पष्ट होता. पेटीच्या मालकिणीने सही करून सांगावयाचे, की ही पेटी उंटाच्या हाडाची आहे, ती याच दुकानात घडली, आणि हस्तिदंत हा शब्द माहेरच्या माणसाच्या चुकीने यादीत आला. मालकीण बांगड्या घेऊन हसत परत येत होती.

दुपारी घरी आल्यावर मी तिला सांगितले. निवेदन केले म्हणणे अधिक बरोबर. कारण मुद्दे क्रमाने मांडल्याशिवाय मला काही बोलता येत नाही. वसंतराव सुपारी कातरायचे थांबले. गौरींच्या दिवशी शिलेदारांच्या घरोघरच्या सुना शकूकडे ‘हस्तिदंती पेटी’ पाहावयास येतात, हे मला ठाऊक होते. देवघरातून शकूने कुंकवाची एक जुनी डबी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. आत एक पाकळी. पेटी दुरुस्तीस देण्याच्या आदल्या दिवशी गळलेली; जपून ठेवली आणि द्यायची राहून गेली.

मी भिंग काढले. पाकळीवर सुईने टोचावे तसे बारीक काळसर ठिपके होते; हाडाची म्हणून हुसेनभाईंनी सांगितलेली खूण हीच.

शकूने भिंगातून पाहिले, डबी बंद केली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

सावली

मला तुलनेसाठी कच्चे हाड हवे होते. हुसेनभाईंचे मावसभाऊ सावलीच्या बाहेर, शेतांच्या कडेला, हाडे उकळण्याचे काम करतात. शनिवारी सकाळच्या बसने हुसेनभाई आणि मी तेथे गेलो. बडोद्याच्या उत्तरेस एका बाजूला तंबाखू-एरंडीची शेते व दुसऱ्या बाजूला नव्या कारखान्यांची कुंपणे, असा तो रस्ता आहे. वाटेत ज्वारीचा पोंक मिळाला. आपल्या हुरड्याचाच हा भाऊ, फक्त हे लोक त्यावर गोड शेव घालतात. मी नाराजी नोंदवून दोन पुड्या संपविल्या.

कामाच्या जागी प्रथम नाकाला रुमाल लावावा लागतो. मेलेल्या उंटांची हाडे विकत येतात. ती सोड्याच्या पाण्यात उकळतात, चरबी काढतात, पुन्हा उकळतात, मग बाजांवर उन्हात पसरतात. उन्हातल्या त्या पांढऱ्या रांगा पाहून मला आमच्या अंगणातल्या कुरडयांचे वाळवण आठवले आणि रुमाल कधी खाली आला ते समजले नाही. मावसभावाने एक नळीचे हाड करवतीने आडवे कापून दिले. भिंगातून तेच ठिपके! मी इतक्या मोठ्याने “आहेत!” म्हणालो की झाडाखाली निजलेला एक मनुष्य उठून बसला.

हुसेनभाईंनी तेव्हा मला दुसरी खूण सांगितली. हस्तिदंतावर असे ठिपके नसतात. त्याच्या कापलेल्या कडेवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसते. “बापाने शिकवलं होतं. कोणी खरा हत्ती आणून दिला तर परत करायचा, म्हणून.”

परतताना अनर्थ झाला. हाड मी कापडी पिशवीत घेतले होते. सावलीच्या बसस्थानकावर प्रथम एक कुत्रा मागे लागला, मग तीन, मग मी मोजणे सोडले. मी छत्री उगारून चालतो आहे, कुत्री माझ्याभोवती फेर धरून चालली आहेत आणि हुसेनभाई पोट धरून हसत आहेत, असे ते दृश्य होते.

“साहेब, साक्षीदार मिळाले!” ते ओरडले. “यांनाच घेऊन चला कचेरीत. हाड की हत्ती, एका मिनिटात सांगतील.”

कंडक्टरने दार अडवून पिशवीकडे बोट दाखविले. “काका, आ थेलामां शुं छे?”

“पुरावा,” मी म्हणालो.

त्याने एकदा माझ्याकडे व एकदा कुत्र्यांकडे पाहिले आणि आत घेतले.

घरी आलो तो शकू ओसरीवर वाटच पाहत होती. पिशवी मी दाराबाहेर ठेवू लागलो तर म्हणाली, “आत आण.” मी आणली. तिने ते कापलेले हाड हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि देवघराच्या उंबऱ्याशी, आत नाही आणि बाहेर नाही, असे ठेवले.

“देवघरात शंख आहे, दादा. तो काय झाडाला लागतो?”

ती पुढे म्हणाली, “चाळीस वर्षं गौरीचे दागिने त्यात राहिले. गौरी एकदा रागावली नाही. पण माझ्यामुळे त्या माणसाचं दुकान बंद आहे हे तिला कळलं, तर यंदा मी तिला काय तोंडाने आणू? लिही तू. हाड लिही. उंटाचं.”

“आणि बघायला येणाऱ्या बायकांना?” वसंतरावांनी विचारले.

“त्यांना सांगेन, हत्ती सगळ्यांकडे असतो, आमच्याकडे उंट आहे. अने तुमच्या तलवारीतलं माणिकही दाखवेन!”

कचेरी

सोमवारी आम्ही चौघे कचेरीत गेलो: शकू, वसंतराव, हुसेनभाई आणि मी. कचेरीचे नाव मी लिहीत नाही. ज्यांनी ओळखायचे ते ओळखतील. पंचनाम्यावर सही करणारे ते अधिकारी तरुण, नम्र. त्यांनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, आणि याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. शकूने निवेदन दिले. ‘हाड’ हा शब्द तिने असा स्वच्छ उच्चारला की शेजारच्या टेबलावरचे टंकलेखन थांबले. हुसेनभाईंनी खाली घातलेली मान वर केली. “हा साहेब, हाड,” तेही म्हणाले, आणि मला वाटते त्या माणसाने भर सभेत हा शब्द आयुष्यात प्रथमच उच्चारला असावा.

मी टेबलावर सावलीचे हाड, डबीतली पाकळी आणि भिंग मांडले. तुलनेसाठी खरा हस्तिदंत हवा, असे म्हणताच अधिकाऱ्यांनी स्वतः एका जुन्या प्रकरणातली जप्त बांगडी मागविली. ही त्यांची सचोटी मी नोंदवितो. बांगडीच्या कडेवर जाळी. हाडावर ठिपके. पाकळीवर ठिपके.

“पण काका, ही पाकळी याच पेटीची कशावरून?” त्यांनी विचारले. प्रश्न उत्तम होता. माझ्या हाताखाली असते तर मी त्यांची पाठ थोपटली असती.

पेटी आली. दोन महिन्यांनी ती पाहून शकूने नुसता तिच्यावर हात ठेवला. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात एका फुलाची एक जागा रिकामी होती. मी पाकळी तिच्यात ठेवली.

ती बसेना.

मी पुन्हा ठेवली. टोक लाखेवर चढत होते. कारकुनाने अधिकाऱ्याकडे पाहून ओठ मुडपले. वसंतरावांनी खाकरण्याचे निमित्त केले. तीस वर्षांत माझा एकही पुरावा असा तोंडघशी पडला नव्हता. शकू कुजबुजली, “दादा, दुसऱ्या कुठल्या फुलाची असेल का?” परंतु दुसरी रिकामी जागाच नव्हती.

तेव्हा पाठीमागून हुसेनभाई म्हणाले, “उलटी धरा, साहेब.”

“काय?”

“टोक आत, बुंधा बाहेर. मी उलटी बसवली होती. पहिलं काम होतं. बापाला लाख भरल्यावर दिसलं.” आणि त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावला. “त्याचीच थोबाडीत.”

मी पाकळी फिरवली. ती जागेवर अशी बसली की बोटाला कड लागेना. चाळीस वर्षे त्या फुलाची एक पाकळी उलटी होती आणि आज ते एकाच माणसाला ठाऊक होते, ज्याने ती बसवली. यापेक्षा चोख ओळख कोणत्या न्यायालयास हवी? मी टेबलावर हात आपटला; चहा बशीत सांडला. अधिकाऱ्यांनी भिंग घेतले, पाकळी पाहिली, शेजारची पाहिली, पुढच्या फुलाच्या चार-पाच पाहिल्या. फार वेळ पाहिले. भिंग खाली ठेवून म्हणाले, “तुमचं बरोबर दिसतंय, काका.”

“मग तसे लिहून द्या.”

“तपासणीचा अहवाल आल्याशिवाय लिहिता येत नाही.”

“नमुना केव्हा पाठविला?”

अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे पाहिले. कारकून म्हणाला, “मोकलवानो बाकी छे, साहेब.” म्हणजे दोन महिने दुकान बंद आहे, चौकट अर्धी पडली आहे, आणि ज्या अहवालाची सर्वजण वाट पाहत आहेत, त्यासाठी नमुनाच गेलेला नाही!

मी बोललो ते सर्व येथे लिहिण्याजोगे नाही. शेवटी मी पाकळी उचलावयास गेलो तर कारकुनाने पेटी आपल्याकडे ओढली. पाकळी मुद्देमालात बसली, म्हणजे आता तीही मुद्देमाल झाली. परत मिळणार नाही.

“दादा, माझी पाकळी!” शकू म्हणाली.

मी तिला खुणेने थांबविले. तिला त्या क्षणी माझा राग आला, हे तिने नंतर सांगितले. परंतु नाझराचे कान ज्या शब्दाची वाट पाहत होते तो शब्द यावयाचा होता. मी अत्यंत मवाळ स्वरात म्हणालो, “घ्या ना. फक्त पावती द्या.”

कारकुनाने पावतीचे पुस्तक उघडले आणि विचारले, “शुं लखुं, साहेब?”

अधिकारी आता शहाणे झाले होते. क्षणभर विचार करून म्हणाले, “सफेद पदार्थ लख. नंग एक.” आणि त्यांनी खाली सही केली.

बाहेर येऊन मी पावती तिघांना वाचून दाखविली, आणि मग रस्त्यावर उभा राहून दुसऱ्यांदा वाचली. वसंतरावांनी विचारले, “आता कोर्टात जिंकलो की काय?” मी म्हणालो, “कोर्टात नव्हे. कागदात.” त्या आनंदात त्यांनी आम्हांस भाकरवडी घेतली, आणि बडोद्याची भाकरवडी आमच्याकडच्यापेक्षा बरी असते, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे.

सांगलीस परत येऊन मी त्या अधिकाऱ्यांस तीन पत्रे पाठविली. पोच आली, उत्तर नाही. शकू लिहिते की सील तसेच आहे, हुसेनभाई पायरीवरच बसतात, आणि हलीमाबेनने त्या बाजारात हाड हा शब्द आता इतक्या मोकळेपणाने वापरावयास सुरुवात केली आहे की दोन गिऱ्हाइके गेली व तीन आली. पाडवा पंधरा दिवसांवर आहे. म्हणून हे प्रवासवर्णन.

चौथ्या जबाबदार इसमाचे उत्तर येथे जाहीर आहे: ‘हस्तिदंती’ मी लिहिले, न पाहता लिहिले, चूक माझी. तिसऱ्याने आपले उत्तर भर कचेरीत दिले. पंचांना मी सोडून देतो. ते पान खात होते, आणि पान खाणाऱ्याला काही दिसत नाही.

उरला पहिला. अधिकारी महाराज, आपल्या पंचनाम्यात ती पेटी हस्तिदंत आहे. आपल्या पावतीत त्याच पेटीच्या फुलाची पाकळी, जी आपल्या टेबलावर आपल्या समक्ष तिच्यात बसली, ती पांढरा पदार्थ आहे. दोन्हींवर सही आपली. यांपैकी कोणता कागद खरा, ते आपण याच पानांतून, चारचौघांना वाचता येईल अशा रीतीने सांगावे. पाडव्याच्या आत सांगावे, म्हणजे एक चौकट पुरी होईल. तेवढे न जमल्यास पावसाळ्याच्या आत तरी सांगावे. कारण आपल्या कोठीची खोली दमट आहे, सरस दमटपणात सुटतो, आणि पाकळ्या गळू लागल्या की प्रत्येकीची वेगळी पावती लिहिण्याची पाळी आपल्यावर येईल. प्रत्येक वेळी कारकून आपणांस विचारील, काय लिहू, साहेब?

तेव्हा काय सांगणार आहात?